रजईतला उंदीर आणि साहेबांचे बूट

माझ्या एकुलत्या एका दिराला, आणि त्याच्या गादी-रजईच्या दुकानाला, वहिनीचे भरभरून आशीर्वाद.

भावोजी, गुडघा कसा आहे? जाऊबाईंनी कळवलं होतं. गाद्यांच्या दुकानाचा मालक दिवसभर उघड्या फरशीवर मांडी घालून बसतो आणि गुडघा धरला म्हणतो, आता काय बोलायचं! एखादी गादी स्वतःच्या खाली घेतलीत तर दुकान काही बुडणार नाही. मी ठणठणीत आहे. दोन दात गेले, पण बोलायला ते लागत नाहीत, त्यामुळे इथे कुणाला काही फरक पडलेला नाही. पत्राला कारणं दोन आहेत. एक आत्ता सांगते, दुसरं सवडीनं.

तुम्ही दर पत्रात लिहिता, वहिनी, त्या ओसाड बेटावर एकट्या काय करता, परत या. ओसाड तुमची जीभ! माणसं आम्ही सहाच आहोत हे खरं, पण अख्खा डोंगर बिळांनी पोखरलाय आणि बिळाबिळात काळ्या समुद्रपक्ष्यांचा संसार आहे. वर्षाला एकच अंडं. नवरा-बायको पाळीपाळीनं त्याच्यावर बसतात (हे वाक्य जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा). पिल्लू म्हणाल तर तुमच्या दुकानातली उशी, फक्त चोच लावलेली. तुमचे दादा इथे जनरेटरवर लागले आणि आम्ही आलो, तेव्हा हा डोंगर मुका होता. जुन्या जहाजांतून उंदीर उतरले होते, ते अंडी पिल्लं सगळं फस्त करायचे. मग सरकारनं तीन वर्षं विष टाकून उंदीर संपवले, आणि पक्षी परत आले. तुमच्या दादांनी पहिलं पिल्लू पाहिलं आणि मग गेले. आता संध्याकाळी शाळा सुटल्यासारखा कालवा असतो. मला या वयात अशा गोंगाटाशिवाय झोप येत नाही, आणि तुम्ही म्हणता एकट्या!

स्वयंपाक करते, आणि तपासणीची खोली सांभाळते. ही खोली तुम्हाला समजायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. खिडकी नाही, दार एकच, दाराखाली फट राहू नये म्हणून पत्र्याची पट्टी. महिन्यातून एकदा बोट येते. तिच्यातून उतरलेलं सगळं, बटाट्याच्या पोत्यापासून डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याच्या डबीपर्यंत (डॉक्टरीण पक्ष्यांची, माणसाला साधा खोकला झाला तर तिला घाम फुटतो), आधी त्या खोलीत जातं. मी आतून कडी लावते, पांढरी चादर अंथरते आणि एकेक वस्तू तिच्यावर उघडते. बूट ब्रशनं घासायचे, मोज्यांत अडकलेलं गवताचं बी सुईनं काढायचं. एक गाभण उंदरीण बाहेर सुटली की डोंगर पुन्हा मुका. म्हणून नियम असा की आत काही जिवंत दिसलं तर ते मेल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि ज्या सामानातून निघालं ते सामान त्याच दिवशी जाळायचं.

तर मागच्या मंगळवारी बोटीबरोबर मोठे साहेब आले. सोबत दोन पाहुणे आणि एक पाटी. पाटीवर लिहिलेलं, माणसाचा पाय न लागलेलं बेट. ती पाटी रोवायला सात माणसं डोंगरावर चढणार होती! मी साहेबांना म्हटलं, आधी बूट काढा. ते म्हणाले, "अहो बाई, हा नियम मीच केलाय." मी म्हटलं, "मग तुम्हाला तोंडपाठ असेल, बरं झालं, समजावत बसायला नको." आणि उंबऱ्यावर बसले. तुम्हाला माहीतच आहे, मी बसले की जागेवरून हलवायला दोघं लागतात. पाहुणे फिस्सकन हसले, आणि लाजेकाजेस्तव साहेबांनी बूट काढले. बूट, पाहुण्यांची पिशवी आणि टपालाचे गठ्ठे घेऊन मी आत गेले आणि कडी लावली.

टपालात तुमचं पार्सल होतं. जाऊबाईंनी स्वतः टाके घातलेली रजई, निळ्या फुलांची. भावोजी, मला भरून आलं. चादरीवर ठेवून दोरा कापला, तर फुलांच्या मधोमध एक भोक, आणि भोकातून दोन मिशा! पुढच्या क्षणी तो उंदीर माझ्या खांद्यावरून फळीवर. तुमचा उंदीर, म्हणजे अंगापिंडानं तुमच्यासारखाच, सुखवस्तू. मी केरसुणी घेतली, त्यानं फळी बदलली. मी पिंप सरकवलं, तो पिंपामागे. बाहेरून साहेब दार ठोकतायत, "बाई, बूट!" मी आतून, "थांबा, पाहुणा आहे!" असं दीड तास. बोटीची परतायची वेळ होत आली, आणि साहेब मोज्यांवर चिखलात उभे. त्यांचा फोटो पण तसाच निघाला, पाटीशेजारी, एक पाय वर धरून, बगळ्यासारखा. शेवटी हाताला जे लागलं ते हाणलं. लागला तो साहेबांचा डावा बूट. उंदीर जागच्या जागी गार. मी बाहेर आले, एका हातात बूट, एका हातात शेपटी, आणि म्हटलं, "साहेब, तुमचा बूट कामाला आला."

कौतुक होईल वाटलं होतं. झालं भलतंच. तिकडे बंदरावर, बोटीत चढवण्याआधी, सामान तपासायचं काम साहेबांच्याच खात्याचं. उंदीर पार्सलातून आला म्हटलं तर त्यांच्या खात्याचं नाक कापलं जातं. म्हणून साहेबांनी कागद पुढे केला. त्यात लिहिलेलं, उंदीर बेटावरचाच होता, बाईंची नजर चुकली, बुटांबद्दल बाई माफी मागतात. सही केली तर मी चुलीपाशी राहू शकते, खोली मात्र काढून घेणार. नाही केली तर पुढच्या बोटीनं कायमची घरी. मी सही करणारच होते, खोटं कशाला बोलू, या वयात कुठे जायचं. पण डॉक्टरीण कानात म्हणाली, "मावशी, उंदीर बेटावरचा ठरला तर पुन्हा सगळीकडे विष टाकायला चाळीस माणसं येतील. आत्ता पिल्लांचा महिना आहे. पाय पडेल तिथे बीळ खचेल." चाळीस माणसांचे ऐंशी पाय, भावोजी. मी साहेबांना पेन परत दिलं. म्हटलं, "बुटाबद्दल माफी हवी तर बुटाची मागते, त्याला लागलं असेल." साहेब म्हणाले, पार्सलातून आला याला पुरावा काय? आता पुरावा कुठला! तोवर मी नियमाप्रमाणे रजई जाळून टाकली होती. नियम पाळण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, पुरावा जाळण्यातसुद्धा. जाऊबाईंना सांगा, रजईची ऊब फार छान लागली.

तर असं आहे. मी सही केलेली नाही, करणार नाही. साहेबांना जे करायचं ते करू देत. हे पत्र मच्छीमारांच्या परतणाऱ्या होडीबरोबर आजच धाडते, म्हणजे पुढच्या बोटीआधी तुम्हाला मिळेल. बाकी क्षेम. गुडघ्याला शेक द्या.

तुमची वहिनी

ता. क. दुसरं कारण आता सांगते. दुकानाच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट, एवढंच लिहून पाठवा की रजई तुमच्या मागच्या गोदामात बांधली आणि त्या गोदामात उंदीर आहेत. नाहीत असं मला सांगू नका. दुकानातल्या दिवाणाखालून धावलेला मी लग्न होऊन आले त्याच वर्षी पाहिलाय, आणि तुम्ही तेव्हा दिवाणावर चढला होतात.

ता. क. २. डॉक्टरीण म्हणते, नुसता कागद पुरणार नाही. तिनं आमचा उंदीर बाटलीत ठेवलाय. तुमच्याकडच्या एखाद्या मेलेल्या उंदराची शेपटी स्पिरिटमध्ये घालून पाठवलीत तर शहरात तपासून दोघांचं नातं सांगता येतं. शेपटी सीलबंद पाठवा, मीच तपासणार आहे.

ता. क. ३. गिऱ्हाईकं काय म्हणतील, शिक्का कसा मारू, असा विचार करत बसाल, ओळखते मी तुम्हाला. कागद पुढच्या बोटीनं आला नाही तर त्याच बोटीनं मी येईन, कायमची, तुमच्याच घरी. रिकामं बसायची मला सवय नाही. सकाळी दुकान उघडलं की दारातच पांढरी चादर अंथरीन, आणि गिऱ्हाइकांच्या समोर एकेक गादी उसवून तपाशीन. मग बघा, शिक्का सोपा की वहिनी.