न विचारता घेतलेला दोना

विसरवाडी
ता. ३ मार्च १९३५

चिरंजीव दलसिंग यास बापाचा आशीर्वाद.

इकडे मी आणि तुझी पोर रूपली जिवंत आहोत. म्हातारी गाय गेली. तू सुरतेला रेल्वेच्या कामावर खुशाल आहेस असे मी धरून चालतो, कारण दोन होळ्या झाल्या, तुझे अक्षर नाही. हे पत्र तुला जो कोणी वाचून दाखवील त्या भाऊला माझा रामराम. मी मराठी तिसरीपर्यंतच शिकलो, तेव्हा त्याने अक्षराला हसू नये. मजकुरालाही हसू नये.

मोहाची फुले गळू लागली आहेत. पहाटे अस्वल येते म्हणून रूपलीला एकटीला वेचायला सोडत नाही. ती ऐकत नाही.

मी जिथे ओततो ते शेठचे दारूचे दुकान तू सोडून गेलास तसेच आहे. शेठने नवे पत्रे घातले, ते मागच्या बाजाराच्या दिवशी भांडणात वाकले. कुऱ्हाडी आणि तीरकामठे दाराबाहेर ठेवूनच आत यायचे, हा माझा नियम मी अजून पाळायला लावतो. तरी भिकन गाडीवाल्याचे दोन दात पडले. ज्याने पाडले तो वरचा होता. वरचा म्हणजे सातपुड्यातला नव्हे. आकाशातला.

तू गेलास त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांची पहिली हंडी नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरली. आम्ही हंडी म्हणतो, कारण ती पालथ्या हंडीसारखी दिसते, पण आपले सगळे दुकान तिच्यात मावेल. पहिल्या दिवशी सगळे पळाले. पुढच्या बाजारी गाडीवाले एवढेच म्हणू लागले की बैल बुजतात, जरा लांब उतरवा. आबकारीच्या शिपायाने साहेबाला लिहून कळवले, तर त्याचीच बदली झाली. मग कोणी कळवले नाही.

ते फार उंच आहेत असे लोक वाढवून सांगतात. दारातून वाकून येतात एवढे खरे. अंग ओल्या दगडी पाटीसारखे. गुडघे मागे वळतात, म्हणून बाकावर बसता येत नाही, भिंतीला टेकून उभ्यानेच पितात. बोलणे गाडीवाल्यांकडून शिकले, त्यामुळे अहिराणी बोलतात आणि त्यात निम्म्या शिव्या असतात. त्यांना त्या शिव्या आहेत हे ठाऊक नाही. लांब्या म्हणून त्यांचा म्होरक्या आहे, तो मला अगदी प्रेमाने म्हणतो, "वत ना रे भाडखाऊ डोकरा, तुन्हा हात का बरं थरथरी ऱ्हायनात?"

हात भीतीने थरथरतात. पहिल्यापासून. पण मी हसून ओततो.

दुकानातली सरकारी दारू त्यांना पाण्यासारखी लागते. त्यांना रूपलीच्या हातची लागते. ती नाल्यात भट्टी लावते, पण हे वाक्य भाऊने मोठ्याने वाचू नये.

लिहायचे कारण असे की रूपलीला मागणी आली आहे. माणसे दूरची आहेत. तू तिचा बाप आहेस. होळीच्या आत ये. काम सोडून ये. जास्त काय लिहू, ये.

तुझा बा
रेवजी

*

विसरवाडी
ता. ११ मार्च १९३५

चि. दलसिंग यास आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. त्यावर एवढेच होते, "बा, पिणे कमी कर." मी ते रूपलीला वाचून दाखवले, ती हसली. मला हसू आले नाही.

मी पिऊन लिहिले नव्हते. तुला खोटे वाटते तर भिकनचे तोंड येऊन बघ.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गुळमुळीत लिहिली. दूरची माणसे म्हणजे लांब्या. लग्नाची मागणी नाही. त्यांना त्यांच्या मुलखात असेच दुकान काढायचे आहे, आणि तिथे भट्टी लावायला रूपली हवी आहे. परत कधी येईल म्हणून मी विचारले. लांब्याने बराच वेळ बोटे उघडली, मिटली. त्याला सात बोटे आहेत. मग म्हणाला, "आमनी तठली एक होळी होस, तवलोंग आठे तुन्हा नातूस्ना नातू डोकरा व्हई जातस." तिथली एक होळी होईपर्यंत इथे आपल्या नातवांचे नातू म्हातारे होतील. ती गेली की मी तिला पुन्हा बघणार नाही, दलसिंग. तूही बघणार नाहीस.

तू म्हणशील, नाही म्हणून सांग. तेच सांगता येत नाही. आता खरे लिहितो.

कोणी आपली दारू घेऊन आला, मोहाखाली बसला आणि पळसाच्या पानांच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, ओतून पुढे केली, तर आधी विचारायचे, "कशाची?" मागणीची, समेटाची की नुसत्या भेटीची. तो सांगतो, मग जमिनीला थेंब द्यायचे, मग प्यायचे. न विचारता प्यालास तर त्याचे जे काही मागणे असेल ते कबूल. तुला हे मी लहानपणी शिकवले. दुकानात ही रीत नाही, दुकानातली दारू विकत घेतलेली असते.

त्या दुपारी मी दुकानाबाहेर मोहाखाली टेकलो होतो. लांब्या आला. दोना वाकडातिकडा केलेला, पण पळसाचाच. त्यात ओतली, जमिनीला थेंब दिले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. म्हणाला, "पी रे बा."

मी प्यालो. विचारले नाही.

का, ते सांगतो. मी इतकी वर्षे सगळ्यांना ओततो. गाडीवाल्यांना, जंगलठेकेदाराच्या माणसांना, शिपायांना, या वरच्यांना. तुझी आई गेल्यापासून मला कोणी ओतून दिलेली नाही. त्याने दोन्ही हातांनी धरली तेव्हा मला विचारायचे सुचलेच नाही.

दोना रिकामा झाला तेव्हा लांब्याने रूपली मागितली, म्हणून गावकारभारी वाहरूदादाने पंच बसवले. त्याने मला विचारले, "रेवजी, कशाची म्हणून विचारलंस?"

मी म्हणालो, "तो माणूस नाही दादा, त्याला आपली रीत कुठली?"

वाहरूदादा म्हणाला, "रीत त्याने पाळली. तू मोडलीस. माणूस कोण ते तूच ठरव."

सगळे हसले. लांब्याही हसला, त्याला कळले की नाही ठाऊक नाही.

पंचांनी एकच वाट ठेवली आहे. पोरीच्या बापाने त्याच झाडाखाली लांब्याला दुप्पट दारू ओतून परत करायची. आज्याने केलेली चालत नाही, आजा तर पिऊन बसला. वर्षभर तू मला लिहू नकोस, पण होळी पेटायच्या आत एकदा ये. मी तुझ्या पाया पडतो. बापाने असे लिहू नये, तरी लिहितो.

रेवजी

*

विसरवाडी
होळीचा दिवस, दुपार

दलसिंग,

तू आला नाहीस. रोज नवापूरकडून येणाऱ्या गाड्या बघून आलो. हे पत्र भिकन नवापूर स्टेशनावर गार्डाच्या हातात देणार आहे. आज ते तुला मिळणार नाही, हे मला कळते. तरी लिहितो, कारण दुसरे काही करता येत नाही.

एक संशय मी दोन्ही पत्रांत लिहिला नाही. लाज वाटली.

लांब्याला रीत कोणी शिकवली, हे मला पहिल्या दिवसापासून खात होते. गाडीवाले त्याला शिव्या शिकवतील, दोना करायला शिकवणार नाहीत. काल रूपली गाठोडे बांधत होती. त्यात तिने मोहाच्या बिया घेतल्या, भट्टीची नळी घेतली आणि तुझ्या आईचा चांदीचा वाळा घेतला. मी विचारले, "पोरी, तुला भीती नाही वाटत?"

ती म्हणाली, "आजा, मीच त्याला सांगितलं. कुठे बसायचं, थेंब कसे द्यायचे, दोन्ही हातांनी धरायचं. तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं."

"मी विचारलं असतं तर?"

"तर तो खरं बोलला असता आणि तू नाही म्हणाला असतास."

मी ओरडलो. म्हणालो, तुझा बाप येईल आणि तुझे पाय बांधील. ती शांतपणे गाठ मारत होती. म्हणाली, "बाप सुरतेला गेला तेव्हा त्याने कोणाला दोना दिला होता? मी तर रीतीने जाते."

दलसिंग, याचे उत्तर तू द्यायचे. तुला सुचले तर सांग. दुकानातल्या डोकऱ्याची नात म्हणून तिला इथे कोणी मागणी घातली नाही. बाजाराच्या दिवशी दारूड्यांचे हात चुकवत ती मोठी झाली. तू म्हणाला होतास, बा, हे दुकान सोड, पोर इथे वाढवू नकोस. तू रागाने म्हणालास, म्हणून मी ऐकले नाही. हेही लिहून टाकतो.

आता इथे काय चालले आहे ते ऐक.

होळीचे लाकूड उभे केले आहे, ढोल बांधले जात आहेत. हंडी नाल्यात येऊन बसली आहे. लांब्या आणि त्याचे दोघे सोबती दुकानाबाहेर उभे आहेत आणि आज शिव्या देत नाहीत. थोड्या वेळापूर्वी रूपली नवे लुगडे नेसून मोहाखाली आली. तिने आपल्या हातची दारू दोन्यात ओतली, जमिनीला थेंब दिले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

या वेळी मी विचारले. "कशाची?"

ती म्हणाली, "निरोपाची, आजा."

घर सोडणाऱ्या पोरीचा दोना घरातला वडीलधारा पीत नाही, तोवर तिचे पाऊल उठत नाही. तुला माहीत आहे. दोना माझ्या डाव्या हातात आहे आणि उजव्याने हे लिहितो आहे. मी प्यालो नाही. पिणार नाही. रूपली समोर बसली आहे. घाई करत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. अधूनमधून म्हणते, "आजा, हात दुखेल." लांब्याने आपले पाटीसारखे डोके खाली घातले आहे.

मी ठरवले होते की तू येईपर्यंत असाच धरून बसायचे, मग दोन दिवस लागोत की चार.

पण दोना पळसाचा आहे, आणि माझा हात तुला ठाऊक आहे. पाने टोचून धरणारी काडी निसटली आहे. मी नीट धरतो तेवढा तो जास्त गळतो. वाहरूदादा शेजारी येऊन बसला आहे. म्हणतो, "रेवजी, तू नाही प्यालास तर जमीन पिईल. जमीन प्याली म्हणजे आपले सगळे मेलेले म्हातारे प्याले. मग तुझं कोण ऐकणार?"

निम्मा राहिला आहे. गावातून वासरे हाकलण्याचा आवाज येतो तसा नाल्यातून हंडीचा आवाज येऊ लागला आहे. रूपलीने आता दोन्याखाली आपली ओंजळ धरली आहे. जमिनीवर पडू नये म्हणून की माझा हात थकू नये म्हणून, ते तिला विचारायचे धैर्य होत नाही.

भिकन बैल जुंपून थांबला आहे. पत्र इथेच सोडतो.

गळणारा दोना धरून बसलेला
तुझा बा, रेवजी