नाल्याच्या पल्याडचं लंडन

बाबा, तुमच्या सुनेनं अरबस्तानावर हळदीचा डाग पाडला आहे, याची नोंद घ्यावी. मुंबई कुठे नि लंडन कुठे हे तिला दाखवावं म्हणून शाळेतला पृथ्वीचा गोल मी घरी आणला. तेव्हापासून ती फोडणी टाकता टाकता उठते आणि त्यावर वीत लावते. डाग साबणानंही जात नाही. आता हेडमास्तरांना काय सांगू? अरबस्तानात हळद पिकायला लागली?

स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली, आणि तुमची नात डॉक्टरीचं पुढचं शिकायला विमानानं लंडनला चालली आहे. बातमी फुटल्यापासून अख्खी सिंदेवाही मला अडवून विचारते, किती मैल, किती वेळ? अहो, मी संस्कृत शिकवतो. माझ्या माहितीतलं विमान एकच, पुष्पक. आणि ते पेट्रोल भरायला कुठे उतरल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही.

पण तुमच्या सुनेनं विचारलं तेव्हा मी तुमच्यावर गेलो. आपलं जुनं घर सडकेला लागून. ऊन चढलेलं आहे, कोणी वाटसरू ओसरीवर पाणी पितो आणि विचारतो, "भाऊ, नागभीड किती दूर हाय?" तुम्ही बोट दाखवता, "हे काय, नाल्याच्या पल्याडच." असते अर्ध्या दिवसाची वाट. आपल्याकडे चालणाऱ्याला पुरतं अंतर सांगणं म्हणजे त्याचे पाय तोडणं. एकदा एक बांगड्यावाला परतताना तणतणत आला, "काय बाप्पा भाऊ, तुमचा नाला सरतच नाई!" तुम्ही त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवलात. "खरं सांगतलं असतं तं इथीच बसला असतास. पोचलास ना?" मी तेव्हा नागपूरहून नुकताच शिकून आलेला, सत्यावर तुम्हाला केवढं ऐकवलं होतं.

आणि परवा तुमची सून म्हणाली, "खरं सांगा, किती दूर हाय हो?" मी म्हणालो, "सकाळी बसली की दिवेलागणीला पोचते." वास्तविक पुरता एक दिवस, एक रात्र आणि वर काही तास. तिनं विचार केला. "मंग जाऊ द्या पोरीले. दिवाळीले येत जाईल." एवढ्यावर तिनं होकार दिला, बाबा. तुमच्या नाल्यावर.

काल पोरीनं तिकिटाचा कागद मोठ्यानं वाचला: कुठे कुठे उतरायचं, दुसऱ्या दिवशी केव्हा पोचायचं. मी पंचांगात तोंड खुपसलं. तुमची सून तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. पोर बाहेर गेल्यावर तिनं गोल जवळ ओढला, त्या हळदीवर पदर घासला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घाबरू नका. नाल्याच्या पल्याडच तं हाय."

इतकी वर्षं तुमच्या ओसरीमागं चूल सांभाळलेली बाई ती. मी सांगितलं तेव्हाच तिनं मनात दुप्पट करून घेतलं असणार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हे मला ठाऊक नाही, तेव्हा ते पंचांगातच राहील. चालणाऱ्याला काय सांगायचं ते तुम्ही शिकवलंत. ओसरीवर मागं राहणाऱ्याला काय सांगायचं ते शिकवलं नाहीत. विमान पडेल याची मला भीती नाही. पोरीला तिकडे आवडेल आणि ती परत यायची नाही, याची आहे.