यादीतली दुसरी ओळ

प्रिय बारके,

पाकीट बघून तू आधी मनात म्हणशील, ताईला आज पत्र कसं सुचलं, हिला काहीतरी हवं असणार. तुझ्या जागी मी असते तर हाच संशय घेतला असता. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच "असू दे गं" म्हणतेस आणि मी सुटते. या वेळी मला सुटायचं नाही.

गेल्या आठवड्यात वर्कशॉपमधला कॉम्प्युटर बसला. सकाळी चालू केला तर निळा स्क्रीन, दोन ओळी, आणि परत बंद. दोन्ही एम्ब्रॉयडरी मशीनं सुया वर करून गप्प उभी, आणि एका शाळेचे साडेतीनशे बॅज शुक्रवारी द्यायचे. दुरुस्तीवाला म्हणाला, ठेवून जा, दोन दिवसांनी न्या. ठेवून जा म्हणजे त्याला मोकळं रानच की. मी म्हटलं, काय करायचं ते माझ्या डोळ्यांसमोर करा. त्याला तेवढी सवड नव्हती. शेवटी त्याने एका पेनड्राइव्हवर नवी सिस्टिम भरून दिली, कागदावर काय काय करायचं ते लिहून दिलं आणि अडलं तर फोन करा म्हणाला. मी तो पेनड्राइव्ह उजेडात धरून उलटसुलट करून पाहिला, जसं काही आतलं बाहेरून दिसणार होतं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

दोन वर्षांपूर्वी तू याच खुर्चीत बसून हेच काम केलं होतंस. मशीन फार रेंगाळतंय, जाण्याआधी नीट करून देते, म्हणालीस. एक तारखेपासून तू त्या मोठ्या वर्कशॉपमध्ये लागणार हे मला कळून तीनच दिवस झाले होते. सोडून जाणाऱ्या माणसाला एकाएकी माझ्या कॉम्प्युटरचा कळवळा का यावा, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी दर पाच मिनिटांनी धागा कापायच्या निमित्ताने तुझ्या मागे येऊन उभी राहत होते. तुला ते कळत होतं. संध्याकाळी स्क्रीन नवा कोरा झाला आणि त्यावर माझं एकही डिझाइन नव्हतं. पंधरा वर्षांचं काम, शाळांची बोधचिन्हं, वेली, अक्षरं, सगळं गायब. तू म्हणालीस, "सगळं आहे गं ताई, आत आहे, उद्या बाहेर काढून दाखवते." मी म्हटलं, उद्या यायची गरज नाही, किल्ली ठेव. तू किल्ली जुडग्यातून सोडवत होतीस तेव्हा तुझं नख तुटलं. मी कात्रीसुद्धा पुढे केली नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी बसमध्ये एका मुलाच्या कोटावर आपलं घुबड पाहिलं, त्याच्या शाळेसाठी आपण काढलेलं बोधचिन्ह. ती शाळा आपल्याला सोडून तुझ्या वर्कशॉपकडे गेली होती. गणवेशाच्या दुकानातून मी तसाच एक बॅज विकत आणला आणि भिंगाखाली धरला. तेच डोळे, तीच चोच. मग मला वेगळा पुरावा नको होता. तोवर मी निम्मी डिझाइनं पुन्हा काढली होती, उरलेली त्यानंतर काढली, आणि सगळ्यांच्या प्रती सीडीवर घालून घरी ठेवल्या. प्रत्येक पानाफुलाबरोबर तुला एकेक शिवी घातली, खोटं कशाला सांगू.

तर बुधवारी मी पेनड्राइव्ह लावला. कागद बघत भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, न वाचता एका लांबलचक कराराला हो म्हटलं. पुढे सिस्टिम कुठे ठेवायची याची यादी आली. कागदावर लिहिलं होतं, मोठी ओळ निवडा, पुसून टाका, पुढे जा. पण मोठ्या ओळी दोन होत्या. मला आधी वाटलं, दुरुस्तीवाल्यानेच मुद्दाम चुकीचं लिहिलंय, म्हणजे मी फसेन आणि मशीन त्याच्याकडे घेऊन जाईन. तावातावानेच फोन लावला. त्याने आकडे वाचायला लावले. मग म्हणाला, "बाई, कशालाही हात लावू नका. कुणीतरी डिस्कचे दोन भाग केलेत. दुसरा भाग रिकामा आहे असं धरू नका."

चार वाजता तो स्वतः आला. डिस्कला धक्का न लावता मशीन चालवणारा दुसरा पेनड्राइव्ह त्याने लावला आणि तो भाग उघडला. आत एकच फोल्डर होतं, "ताईची डिझाइनं". चारशे बारा. तारीख तू बसली होतीस त्याच दिवसाची, वेळ सकाळी अकराची, म्हणजे नवी सिस्टिम टाकायच्या आधीची. तू सगळं आधी सुरक्षित बाजूला नेऊन ठेवलं होतंस. नव्या सिस्टिमने त्या भागाला सी, डी असतं तसं अक्षर दिलं नव्हतं म्हणून तो दिसत नव्हता, एवढंच. दुरुस्तीवाला म्हणाला, "करणाऱ्याचा हात चांगला आहे. दोन मिनिटांचं काम तेवढं राहून गेलंय." का राहिलं ते मी त्याला सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी घुबड उघडलं आणि विकत आणलेला बॅज शेजारी धरला. आपल्या घुबडाच्या डोळ्याला टाक्यांचे नऊ फेरे आहेत, त्यांच्याला अकरा. पंखांचे टाके उलट्या दिशेने. कुणीतरी जुना बॅज समोर ठेवून नव्याने काढलंय, आपली फाइल त्यांच्याकडे गेलेलीच नाही. हे मला तेव्हाही दिसलं असतं. आपला जुना बॅज कपाटात होताच, भिंगही तेच होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुला त्या वर्कशॉपमधून काम कमी झालंय असं सांगून काढलं. काम कमी झालं नव्हतं. घुबड पाहिलं त्याच दुपारी मी तिथल्या मालकांना फोन करून सांगितलं होतं, हिच्या हातात कॉम्प्युटर देऊ नका, हिने माझा रिकामा केला. सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. काल मी तिथे जाऊन, कामाच्या टेबलाशी बसलेल्या चारचौघींसमोर, मी खोटं बोलले होते असं सांगितलं. मालकांनी लेखी मागितलं, तेही दिलं. तुझी जागा मात्र भरली आहे, ती परत मिळणार नाही. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. आणि एक. नोकरी गेली त्या दिवशी तू मला फोन केलास, भांडणानंतरचा पहिलाच. रडत होतीस. मी म्हटलं, हे मालक लोक असेच असतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. ते म्हणत असताना नोकरी कुणामुळे गेली ते मला माहीत होतं.

तुझीच,
ताई