डाव्या हाताची रापी

४ एप्रिल
डेल ट्रंबो आज ते खोगीर घेऊन आला. नऊ वर्षांनी! दोरात बैल अडकलेला असताना ज्याची घोड्याच्या पोटाखालचा तंग धरणारी पट्टी तुटली आणि डेलचा पाय घोड्याखाली चिरडला, तेच. काठी टेकत आत आला, खोगीर बाकावर आदळलं. म्हणाला, "आतला लाकडी सांगाडा शाबूत आहे, मार्लिस. यावरच रेनीसाठी नवं चढव. मे महिन्यात वासरांना डाग देऊ, तेव्हा माझ्या जागी पोरगी दोर टाकणार आहे."
ऑरिन, ज्याच्या हाताखाली मी हे काम शिकले, खिडकीशी बसला होता. त्याने मान वर केली नाही. खोगिरावर नाव त्याचं. "चूक माझीच," असं तेव्हा सगळ्या गावासमोर म्हणाला आणि पुन्हा खोगीर केलं नाही. दुकान माझ्याकडे आलं ते असं.

५ एप्रिल
ऑरिन : "पोरी, नवा सांगाडा मागव. जुनं उघडत बसू नकोस."
म्हटलं, डेलला हाच हवाय. "डेलला काय कळतंय!" मग दिवसभर घुम्यासारखा बसला.
लाज वाटत असेल. मला दया येते, आणि रागही. चूक कुठे झाली ते मला बघू तरी द्या ना. रेनी सतरा वर्षांची आहे. माझ्या खोगिरावरून ती पडली तर?

७ एप्रिल
खिळे उपटायची पक्कड सापडेना. शेवटी ऑरिनच्या कोटाच्या खिशात निघाली. ऐंशीव्या वर्षी हे धंदे.

८ एप्रिल
बैठकीचं चामडं सोललं. तुटलेल्या पट्टीचं आतलं टोक सांगाड्याला तसंच खिळलेलं होतं. पट्टी सपाट बसावी म्हणून तिची कड रापीच्या पात्याने थोडी तासतात. ही इतकी तासलेली, की कागद परवडला.
मग रापीचे ओरखडे दिसले. उलट्या बाजूला उतरलेले.
ऑरिन उजव्या हाताचा. या दुकानात डावरी मी एकटी. "तुझं काम डोळे मिटूनही ओळखीन, सगळं उलटं," असं चिडवायचा. हे खोगीर केलं तेव्हा मला शिकायला लागून दोनच वर्षं झालेली. पट्ट्या मी कापायचे, चढवायचा तो.
डेलचा पाय मी मोडला.

९ एप्रिल
बीन्स पातेल्यात तसेच राहिले. काम नाही.

१० एप्रिल
ऑरिनसमोर टोक धरलं. तुम्हाला ठाऊक होतं?
"अपघात झाला त्याच दिवशी चामडं जरा उचलून कड पाहिली होती मी. चढवताना बघितली नाही, म्हणजे चूक माझीच."
मग मला का नाही सांगितलं?
"सांगितलं असतं तर तू रापी पुन्हा हातात धरली असतीस? मी काय, तसाही थांबणारच होतो. आता गप्प राहा. डेलला पत्ता नाही. ते चुलीत टाक."
टाकलं नाही. मेणाच्या डब्यात ठेवलंय.
बोलले तर पावडर नदीपर्यंतचं एकही घर माझ्याकडे खोगीर टाकणार नाही. नाही बोलले तर म्हाताऱ्याच्या नावावरचा डाग तसाच राहील. माझी छाती नाही. लिहायला काय जातंय.

१९ एप्रिल
नवी पट्टी. दोन फेकल्या. तिसरी ऑरिनने न विचारता उचलली, वाकवली, पालथी करून पुन्हा वाकवली. "बरी आहे." नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझं काम हातात घेतलं त्याने. माझे डोळे भरून आले, त्याला दिसू दिलं नाही.

२ मे
रेनी रिकिबी मापायला आली. अर्ध्यामुर्ध्या खोगिरावर बसली, तंगाची कडी ओढून पाहिली. "मार्लिस मावशी, हे तुटणार नाही ना?"
नाही म्हणाले. ती गेल्यावर कडी मीही ओढून पाहिली.

११ मे
नुसते टाके. बोटं सोलली. बरं वाटलं.

१६ मे
झालं. फक्त माझ्या नावाचा ठसा ठोकायचा राहिलाय. तीनदा हातोडी उचलली, तीनदा खाली ठेवली. उद्या डेल येतोय. उद्या सांगायचंच.

१७ मे
डबा उघडून टोक डेलसमोर ठेवलं. म्हटलं, हे माझं काम, ऑरिनचं नाही. डेलने कोटाच्या खिशातून त्याच पट्टीचा दुसरा तुकडा काढला, कडीसकट. माझ्या टोकाला लावला. ओरखडे नीट जुळले.
"तू डावरी आहेस हे मलाही ठाऊक होतं, मार्लिस. म्हाताऱ्याने अंगावर घेतलं, मीही घेऊ दिलं. पण पोरीला बसवायचं म्हटल्यावर बघावं लागलं, हे उघडल्यावर तू काय करतेस ते. गप्प राहिली असतीस तर खोगीर कोठारात टांगलं असतं."
मग म्हणाला, "ठसा ठोक. रेनी बाहेर घोडा धरून उभी आहे."