पिठावरच्या वळ्या

४ नोव्हेंबर १९७४, सिद्धेश्वर
औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन मी आणि मालन दुपारच्या गाडीने इथे उतरलो. पन्नाशीला टेकल्यावर पाण्याकाठची नोकरी मिळाली, देवाची कृपा. धरणामागे साठलेल्या फुगवट्याच्या काठावर दोन खोल्यांची चौकी, दारापुढे चिंच. मालनने चूल मांडलीसुद्धा. काम सोपं आहे: नावेतून बांबू टाकून तळाची वाळू मोजायची.

७ नोव्हेंबर
खात्याच्या साहेबांनी तळाची रीत समजावली. भरती-ओहोटीने खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचे डोंगर चालतात म्हणे. इथे वरच्या धरणातून सोडलेलं पाणी रोज येतं, ओसरतं. त्या ओढीने तशाच लहान वळ्या उठतात. पाणी येतं ती बाजू निजती, पलीकडची उभी. वाळू निजतीवरून चढते, उभीवरून घसरते आणि अख्खी वळी पुढे सरकते. उभी बाजू जिकडे, तिकडे तिची वाट. ऐकून मी हात जोडले. नाववाला सटवाजी हसला. म्हणाला, मामा, नदीची नाडी पाहून राहिले का?

१० नोव्हेंबर
माझ्याआधीचा मोजणीदार उकंडराव याच पाण्यात बुडाला, असं सटवाजीने सांगितलं. प्रेत सापडलं नाही. एखाद्या वळीखाली गेलं असेल. त्याची चप्पल अजून चौकीत आहे. आमच्याकडे मेलेल्याच्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात आणि सकाळी पिठावरचा ठसा पाहून त्याचा पुढचा जन्म ओळखतात. या बिचाऱ्यासाठी कुणी तेवढंही केलं नाही. संध्याकाळी मी केलं.

११ नोव्हेंबर
टोपलं उचललं. ठसा नव्हता. पिठावर बारीक वळ्या होत्या, ओळीने. दाराकडची बाजू निजती, आतली उभी. मालन म्हणाली, वारं असंल. पण दिवा तेवत होता.
सटवाजीला सांगितलं, तर त्याच्या हातातलं वल्हं सुटलं. काहून केलं मामा हे, म्हणाला. ज्याची माती झाली न्हाई, त्याला घरचा दिवा दाखवत न्हाईत. तो वाटच पाहून राहिला व्हता.

१३ नोव्हेंबर
पीठ कधीच पुसलं. आज फरशीवर ओली वाळू. तळ मोजला. काठाजवळची मोठी वळी ओढीच्या विरुद्ध येते आहे, उभी बाजू चौकीकडे. मालनला म्हटलं, डोंगरकड्याला माहेरी जा. ती म्हणाली, अन् तुमाला भाकर कोण घालंल?

१४ नोव्हेंबर
मालनच्या अंथरुणाभोवती वळ्या. उभी बाजू तिच्याकडे. आता ती घाबरली. उद्या पहिल्या गाडीने—

१५ नोव्हेंबर
अंथरूण ओलं. रिकामं. वळ्या उलटल्या आहेत, उभी बाजू दाराकडे. चिंचेखालून थेट पाण्यापर्यंत— नागनाथा—

१६ नोव्हेंबर
सटवाजीने दिवसभर गळ टाकला. मालन नाही. जाताना पाया पडला. मामा, तुमाला आण आहे, दिवा लावू नका.
पण ती वाळूखाली. अंधारात. तिला अंधाराची भीती वाटते.
पीठ पसरलं. दिवा लावला. टोपलं झाकलं नाही, समोरच बसलोय.
दाराशी पीठ हललं. एक वळी. दुसरी. मालन, हळू ये— तिच्यामागे अजून एक, मोठी— उभी बाजू माझ्याक