फुकटचं मकाव

मकाव, मंगळवार दुपार

तीर्थरूप आत्यास, आ-हिंगचा वाकून, अगदी कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? शेजारच्या सुईबाईंशी धरलेला अबोला अजून चालू आहे ना (नसेल तर पुन्हा धर, त्याशिवाय तुला करमत नाही)? मी इकडे ठणठणीत. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला तर ‘बाहेरगावचा नंबर, उचलला की पैसे पडतात’ म्हणून तू कापतेस. आमच्या कंपनीचा लाम आज संध्याकाळच्या बोटीने हाँगकाँगला परततोय, त्याच्याच हाती हे देतो. (त्याला चहा विचार. दुसऱ्यांदा विचारू नकोस, तो हो म्हणतो.)

मी तुझ्यावर रागावलोय, हे आधी सांगून टाकतो. हॉटेलांतले पियानो सुरात लावायला कंपनी मला इथे पाठवते. खोली कंपनीची, खोलीत पलंग दोन, दुसरा नुसताच पडून. म्हणून ‘चल’ म्हटलं, तर तू म्हणालीस, “मकावात फुकट काही नसतं. ते लोक माणसाला उंबरठ्यावरच सोलतात.” खरं कारण ते नव्हे, हे मलाही कळतं. आतोबा गेल्यापासून तुझी धाव भाजीबाजारापर्यंत. तिथूनही तू लगबगीने परत येतेस आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसतेस. मला ते बघवत नाही. तेव्हा तुझी सबब खोटी पाडायचा मी विडा उचलला. शेवटी एकच चहापत्ती दोनदा उकळणाऱ्या बाईचा भाचा आहे मी.

तर ऐक. धक्क्यावर उतरलं की कॅसिनोंच्या फुकट बस उभ्याच असतात. कुणी तिकीट विचारत नाही की चौकशी करत नाही. बसमधून उतरून कॅसिनोत पाऊल न टाकता चालू लागलं, तरी कुणाची हरकत नाही. अख्खं शहर मी असं पालथं घातलं. भूक लागली की पडक्या चर्चखालच्या गल्लीत जायचं. तिथे दुकानदारणी बदामाची बिस्किटं आणि कात्रीने कापलेलं सुकं मांस येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोंबतात. चढताना डावीकडची दुकानं, उतरताना उजवीकडची, मग टोपी घालून पुन्हा डावीकडची. काल एकजण म्हणाली, “काका, टोपी छान आहे हो, मघाशी नव्हती!” आणि वर मोठा तुकडा दिला. (मिरीचं मांस घेऊ नकोस, सोसायचं नाही. मधाचं घे.)

त्या मिरीच्या मांसानेच घोटाळा केला. मी जुगारात दमडीही लावली नाही, हे आधी देवाशपथ सांगतो. कॅसिनोत दूध घातलेल्या चहाच्या गाड्या फिरतात, पण खेळणाऱ्यांच्या आसपास दिसलं तरच चहा मिळतो. म्हणून लाल जाकीट घातलेल्या एका ठसठशीत बाईंच्या मागे मी कप घेऊन उभा राहिलो, जणू माझीच दौलत टेबलावर आहे. बाई पालथा पत्ता कडेने हळूहळू उचलत होत्या आणि सगळं टेबल ओरडत होतं, “फुंक! फुंक!” (जोरात फुंकलं की नको ते ठिपके पत्त्यावरून उडतात, ही यांची श्रद्धा तुला ठाऊकच आहे.) बाईंनी गाल फुगवले आणि नेमकी तेव्हाच मिरी माझ्या नाकात चढली. मी असा शिंकलो की कपातला चहा सांडला. पत्ता उलटला, तर बाई जिंकलेल्या!

मग काय विचारतेस! “हलायचं नाही!” बाईंनी फर्मावलं. मला खुर्ची आली, दुसरा चहा आला, शेजारच्याने आपला अंड्याचा टार्ट पुढे केला. प्रत्येक डावाआधी सगळे माझ्या नाकाकडे बघायचे. मी खिशातलं मांस हुंगून हुंगून शिंका काढत होतो. नोकरीत इतका मान मला कधी मिळाला नाही. पण शेवटची शिंक अशी दणदणीत निघाली की तोल गेला आणि सावरायला टेकलेला हात थेट बाईंच्या खांद्यावर! खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावला की त्याचं नशीब फिरतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. टेबल चिडीचूप झालं. इतकं, की लांबून मी सकाळी लावलेला पियानो ऐकू आला (वरचा एक स्वर किंचित उतरलाय, बघायला हवा). बाई तो डाव हरल्या. “मेल्या, हात झडो तुझा!” म्हणत त्या उठल्या आणि मी पळालो. टार्ट मात्र घेतला.

बाहेर फुकटच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे कोण उभं? त्याच बाई! मी अवजारांच्या पिशवीमागे तोंड लपवलं.

“लपतोस काय?” त्या म्हणाल्या. “तू हात लावलास म्हणून तरी मी उठले. एरवी सगळं घालवल्याशिवाय मी उठते होय? चल, पेज खाऊ घालते.”

यीपबाई त्यांचं नाव. पेज खाताना मी तुझं गाऱ्हाणं सांगितलं, तर त्या खो खो हसायला लागल्या. “माझी थोरली बहीण अगदी अशीच. अरे वेड्या, चिकट माणसाला कधी आमंत्रण देतात का?” मग त्यांनी एक उपाय सांगितला. असो.

काल कारंज्यांचा नाच बघितला, गाण्यांसकट, फुकट. शेजारी एक म्हातारं जोडपं एकमेकांना कोपरखळ्या मारत “ते बघ, ते बघ” करत होतं. मला ‘ते बघ’ म्हणायला कुणी नव्हतं. फुकटचं असलं तरी एकट्याला गोड लागत नाही, आत्या. बाकी तुला यायचं नसेल तर माझा मुळीच आग्रह नाही. आग्रह करणं मी सोडलंय.

तुझा,
आ-हिंग

ता. क. – पाकिटात परवा सकाळच्या बोटीचं तिकीट आहे. ते परत घेत नाहीत, बदलून देत नाहीत. मी खिडकीवर पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. तू आली नाहीस तर सगळे पैसे वाया.

आणखी एक – म्हाताऱ्यांना सवलतीचं तिकीट मिळत होतं. पण ते परत घेतात म्हणे, म्हणून मुद्दाम पूर्ण भाड्याचं काढलं. शिव्या घालायच्या असतील तर समोर येऊन घाल. मी धक्क्यावर उभा असेन.