रुही बल्गेरियाला गेली

१९ मे २०२५, सनीव्हेल

रुही जाणार. मी नाही.

आमच्या मॅनेजरने, मार्कने, मीटिंगमध्ये इतक्या सहज सांगितलं, जणू लंच कुठून मागवायचं ते सांगतोय. बल्गेरियातल्या बॅटरी प्लांटचं शेवटचं टेस्टिंग रुही करेल. वर माझ्याकडे बघून — तुझ्या व्हिसाचं तुला माहीतच आहे, रिस्क नको. खोटं नाही ते. पासपोर्टवरचा शिक्का संपलाय. बाहेर पडले तर परत कधी येईन, कुणी सांगू शकत नाही.

पण दोन वर्षं त्या प्लांटचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. रोज सकाळी तिथल्या पेटरचा कॉल मी घेतलाय, तोंडसुद्धा न धुता. रुहीला कंपनीत येऊन वर्ष झालेलं नाही. तिच्याकडे काय आहे? इथल्या श्रूजबरीतला जन्म आणि निळा अमेरिकन पासपोर्ट.

संजय म्हणाला, "बरंच झालं, दगदग वाचली." नवरा असून याला एवढंही कळू नये!

२३ मे

रुही डेस्कपाशी आली. "कांचनताई, तिकडे कोल्ड असतं का? जॅकेट घेऊ?" मराठी मोडकं, पण ताई म्हणायला चुकत नाही. म्हटलं, गूगल कर. नंतर वाईट वाटलं. फार नाही.

२ जून

ग्रुपवर तिचे फोटो. डोंगराच्या पायथ्याशी सोलर पॅनेलच पॅनेल, शेजारी पांढऱ्या कंटेनरांच्या रांगा. आत बॅटऱ्या. त्या देशात सोलर इतकं वाढलंय की दुपारी वीज घ्यायला कुणी नसतं, जवळजवळ फुकट असते. सूर्य मावळला की तीच महाग. दुपारी बॅटऱ्या भरायच्या, संध्याकाळी वीज द्यायची — काम एवढंच. कधी भरायचं, कधी द्यायचं, हे ठरवणारी प्रत्येक ओळ माझी. आणि त्या कंटेनरला मी कधी हात लावलेला नाही.

शेवटचा फोटो — पेटर रुहीला चेरी देतोय. पेटर तिथला साइट इंजिनियर, साठीला आलेला. दोन वर्षं मला म्हणतोय, तू ये, माझ्या बागेतल्या चेरी खाऊ घालतो. मला म्हणतोय!

फोन उलटा ठेवला. चेरीवरून जळतेय मी, या वयात.

३ जून

सकाळी रुहीचा कॉल. तिथे संध्याकाळ. पूर्ण वीज द्यायला लागल्याबरोबर अर्धे कंटेनर आपोआप बंद पडले. मागे क्लायंटची माणसं हाताची घडी घालून उभी. "ताई, मला काही कळत नाहीये. सगळे माझ्याकडे बघतायत."

प्लांटच्या नोंदींचा लॉग उघडला. चहा गार व्हायच्या आत दिसलं. कंटेनर तापले होते. दुपारभर उन्हात भरत राहतात, आणि गार करणारी यंत्रणा चालू होते थेट संध्याकाळी. मग ते स्वतःला वाचवायला बंद होतात.

तिला लिहिलं, "बघते." लॅपटॉप मिटला आणि कपडे धुवायला खाली लाँड्रीत गेले.

४ जून

आज परत तेच. मार्क म्हणाला, बहुतेक आपण चुकीचं माणूस पाठवलं. ते वाक्य दिवसभर लिमलेटच्या गोळीसारखं तोंडात घोळवलं.

जेवताना संजयला सांगितलं. "म्हणजे तुला कालच कळलं होतं?"

"तिने शोधावं की."

तो पोळी मोडत राहिला.

५ जून

आज व्हिडिओवर रुही नव्हती, पेटर होता. बंद पडलेले कंटेनर एकेक करून हाताने चालू करत फिरत होता. गुडघा दुखतो त्याचा, पाय ओढत चालतो. ते काही मी हिशेबात धरलं नव्हतं.

रुहीला बोलावून घेतलं. डोळे सुजलेले. म्हटलं, "दुपारी वीज फुकटच आहे ना? मग कूलिंगही दुपारीच लावू. भरता भरताच गार करायचं." लगेच बदल करून पाठवला.

६ जून

सगळे कंटेनर चालले. टेस्ट पास. मार्कची मेल — ग्रेट वर्क, रुही! तिचं उत्तर — टीमवर्क. टीम म्हणे.

१४ जून

पेटरचा फोन. म्हणाला, रुहीने इथे सगळ्यांसमोर सांगितलं की उत्तर कांचनचं आहे.

ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं.

मग खरं बोलणं काढलं त्याने. त्यांची कंपनी आणखी प्लांट उभारतेय. तिथे राहून ते सांभाळणारं माणूस हवंय. "मी तुझं नाव दिलंय. आमचा व्हिसा आम्ही बघू."

१५ जून

संजयला सांगितलं.

"आणि ग्रीन कार्ड? एवढी वर्षं लाइनीत थांबलो ते?"

"अर्ज तुझ्या नावावर आहे. तू थांब."

"आणि तुला परत येता आलं नाही तर?"

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं जे करत आले, ते निदान डोळ्यांनी बघून तरी होईल."

तो उठून भांडी घासायला लागला. आज त्याची पाळी नव्हती.

२ जुलै

पेटरला हो कळवलं.

४ ऑक्टोबर, सॅन फ्रान्सिस्को विमानतळ

संजय सोडायला आला. बॅगा उतरवून दिल्या. "पोचलीस की प्लांटचे फोटो पाठव," म्हणाला. आणि लगेच — "नको. राहू दे."

मला वाटलं, रडू आवरतोय. नीट पाहिलं. रडू नव्हतं. काय होतं ते मी बरोबर ओळखलं. रुहीचे फोटो आल्यापासून अख्खा जून मी तेच घेऊन फिरत होते.